पाळीची गोळी वेगळी, अंड्याची गोळी वेगळी

"वहिनी, माझ्या जावेला ह्या गोळीनं दिवस राहिले. मलाही तीच द्या ना."

नौपाड्यातल्या आमच्या मेडिकलमध्ये हे ऐकायला मिळालं नाही असा महिना जात नाही. मोबाईलवर जावेच्या चिठ्ठीचा फोटो असतो, कधी रिकाम्या पट्टीचा तुकडा पर्समधून निघतो. मी गोळी देत नाही. ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देताच येत नाहीत, आणि जावेचं कारण आणि हिचं कारण एकच आहे का, हे कुणी तपासलेलंच नसतं. पण नुसतं नाही म्हणून कुणाला परत पाठवणं मला जमत नाही. दुपारी गर्दी ओसरलेली असली की स्टुलावर बसवते आणि बोलते. जे बोलते तेच इथे लिहिते आहे.

मी बी. फार्म. आहे. लग्न होऊन ठाण्यात आले तेव्हापासून सासऱ्यांच्या ह्या दुकानात बसते. मूल होण्यासाठीची औषधं मी विकली आहेत आणि स्वतः घेतलीही आहेत. डॉक्टर मात्र नाही. त्यामुळे डोस ठरवण्यासाठी हे वाचू नका. डॉक्टरांना काय विचारायचं, ते ठरवायला वाचा.

हार्मोनची दोन औषधं एकमेकांशी ताडून बघायची तर आधी एक गोष्ट पक्की करावी लागते. आपल्याला ह्या औषधाकडून काय हवंय, पाळी की अंडं? बहुतेक गोंधळ इथेच होतो. पीसीओडी, म्हणजे अंडाशयात अंडं वेळच्या वेळी तयार न होण्याचा त्रास (ह्यालाच पीसीओएसही म्हणतात), असलेल्या मुलीची पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नाही. डॉक्टर मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनसारखी गोळी पाच ते दहा दिवस देतात आणि गोळी थांबली की साधारण आठवड्याभरात पाळी येते. घरात सगळ्यांना हायसं वाटतं. पण ह्या पाळीच्या आधी अंडं तयार झालेलं असेलच असं नाही, बहुतेकदा झालेलं नसतंच. इस्ट्रोजेन ह्या बायकी हार्मोनमुळे गर्भपिशवीचं अस्तर वाढत राहिलेलं असतं, गोळीचा आधार काढून घेतला की ते सुटून बाहेर येतं, एवढंच. ते बाहेर यायलाच हवं. महिनोन्‌महिने साचलेलं अस्तर पुढे कॅन्सरपर्यंत जाऊ शकतं, म्हणून ह्या गोळीला मी कमी लेखत नाही. पण वर्षभर अशीच पाळी आणत राहिलेली मुलगी "एवढी ट्रीटमेंट चालू आहे, तरी राहत नाही हो" म्हणून डोळ्यांत पाणी आणते, तेव्हा माझा जीव तुटतो. मूल होण्याची तिची ट्रीटमेंट अजून सुरूच झालेली नसते.

तीच गत इथिनिल इस्ट्राडिऑल आणि ड्रॉस्पिरेनॉन किंवा सायप्रोटेरॉन असलेल्या एकवीस गोळ्यांच्या पाकिटाची. कॉलेजातल्या मुलीला पीसीओडी असेल, चेहऱ्यावर पिंपल्स असतील, हनुवटीवर केस येत असतील, तर ही गोळी फार उपयोगाची आहे. पाळी नियमित येते, पुरुषी हार्मोनचा जोर कमी होतो, अस्तर पातळ राहतं. पण ही मुळात गर्भनिरोधक गोळी आहे. ती चालू असताना अंडाशय शांत बसतं आणि बसावं हाच तिचा हेतू असतो. मुलीच्या आईला भलतीच भीती असते: "पुढे मूल होणार नाही ना हिला?" तसं काही होत नाही. गोळी बंद केल्यावर शरीर काही महिन्यांत आपल्या मूळ चालीवर येतं. विचारायचं ते वेगळंच असतं. डोळ्यांपुढे चमकून येणारी अर्धशिशी आहे का, बीपी आहे का, स्वतःच्या किंवा आईच्या पायात कधी रक्ताची गुठळी झाली होती का, सिगारेट ओढते का. ह्यातलं काही असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण इस्ट्रोजेनमुळे गुठळीचा धोका वाढतो.

आणि श्रावण लागला की नॉरेथिस्टेरॉन. गौरी-गणपती जवळ आले की पाळी पुढे ढकलायची गोळी मागायला रांग लागते. मी चिठ्ठी मागते, काकू रागावतात, "दरवर्षी घेते मी" म्हणतात. ही गोळी मोठ्या डोसमध्ये घेतली की तिचा काही भाग शरीरात इथिनिल इस्ट्राडिऑलमध्ये बदलतो. म्हणजे गुठळीचा प्रश्न इथेही आलाच. माझं स्पष्ट मत आहे की गौरी घरात असताना पाळी आली तर येऊ द्यावी. सगळ्यांना ते पटत नाही, माझ्या सासूबाईंनाही पटलं नव्हतं.

आता अंड्याच्या गोळ्या. इथे मला सविस्तर सांगायचं आहे, कारण हे मी स्वतः सोसलंय.

मलाही पीसीओडीच होतं. माझी ट्रीटमेंट चालू होती २०१२ मध्ये, आणि तेव्हा आपल्या देशात लेट्रोझोल ही गोळी वंध्यत्वासाठी वापरायला बंदी होती. म्हणून मला क्लोमिफिन मिळाली. दोन्ही गोळ्या पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस घ्यायच्या असतात, दोघींचं काम अंडं वाढवण्याचं, पण वाट निराळी. क्लोमिफिन मेंदूत इस्ट्रोजेनच्या जागा अडवून बसते. मेंदूला वाटतं, इस्ट्रोजेन कमी पडलंय, म्हणून मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एफएसएच हे अंडं वाढवणारं हार्मोन जास्त सोडते आणि अंडं वाढू लागतं. अडचण अशी की ती पिशवीच्या अस्तरातल्या जागाही अडवते, आणि शरीरातून निघायला तिला बरेच दिवस लागतात. माझी फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे अंडं किती वाढलंय ते बघायची सोनोग्राफी, चालायची तेव्हा सोनोग्राफीवाल्या डॉक्टर सांगायच्या, "अंडं छान वाढलंय, वीस मिलिमीटर." मग प्रोब जरा फिरवायच्या आणि गप्प व्हायच्या. अस्तर सहाच्या पुढे सरकत नव्हतं. स्क्रीनवर ती बारीक पांढरट रेघ मीही ओळखायला शिकले होते, त्यामुळे त्यांनी तोंड उघडायच्या आधीच मला कळायचं.

लेट्रोझोल जागा अडवत नाही, इस्ट्रोजेन बनणंच काही दिवस कमी करते. मेंदूकडून एफएसएच तसंच वाढतं, पण गोळी काही दिवसांत शरीरातून जाते. मेंदूतल्या जागा मोकळ्या असल्यामुळे एक अंडं मोठं होऊन इस्ट्रोजेन सोडू लागलं की मेंदू ते ओळखतो, एफएसएच आवरतो आणि बाकीची अंडी मागे पडतात. म्हणून बहुधा एकच अंडं तयार होतं, आणि अस्तरही नीट भरतं.

बंदी का आली होती? २००५ मध्ये कॅनडात मॉन्ट्रियलच्या एका परिषदेत एक छोटा निबंध वाचला गेला, त्यात लेट्रोझोलनंतर जन्मलेल्या बाळांत व्यंगं जास्त दिसल्याचं म्हटलं होतं. त्यातली बाळं होती दीडशे, आणि तुलना केली होती कमी जोखमीच्या हजारो बाळंतपणांशी. पुढच्याच वर्षी कॅनडातल्याच डॉक्टरांनी ह्या दोन गोळ्यांनंतर जन्मलेली ९११ बाळं तपासली, आणि लेट्रोझोलच्या बाळांत व्यंगं जास्त आढळली नाहीत. आपल्याकडे तरीही ऑक्टोबर २०११ मध्ये बंदी आली आणि ती उठली २०१७ मध्ये. मधल्या काळात, २०१४ मध्ये, अमेरिकेत पीसीओएस असलेल्या ७५० बायकांवर मोठी चाचणी झाली. लेट्रोझोल घेतलेल्यांपैकी २७.५ टक्के बायकांच्या हाती बाळ आलं, क्लोमिफिन घेतलेल्यांत १९.१ टक्के. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत पीसीओएससाठी पहिली गोळी म्हणून लेट्रोझोलच आली आणि २०२३ मध्ये तेच कायम राहिलं.

हे आकडे मी पाठ केलेत ते एका मुलीमुळे. कळव्याहून यायची. चिठ्ठीप्रमाणे पाच गोळ्या घेऊन गेली आणि तासाभरात परत आली, पट्टी न फोडलेली, हात थरथरत होते. "ताई, ह्यावर ब्रेस्ट कॅन्सर लिहिलंय. मला कॅन्सर आहे का? घरच्यांनी माझ्यापासून लपवलंय का?" सोबत कुणी नव्हतं. मी काउंटर सोडून बाहेर आले, तिला पाणी दिलं आणि सांगितलं की ही गोळी मूळ त्या आजाराचीच आहे, तिथे ती रोज, वर्षानुवर्षं घेतात. तुला पाचच दिवस घ्यायची आहे, आणि तुझं अंडं फुटायची वेळ येईल तेव्हा ती शरीरात जवळजवळ उरलेली नसेल. दिवस राहिलेले असताना मात्र ती घ्यायची नसते, म्हणून पाळी नक्की आली आहे ना हे डॉक्टर विचारतात. चिठ्ठी लिहिताना ही दोन वाक्यं तिला कुणी सांगितली असती तर तिचा तो तास तसा गेला नसता. तेव्हापासून लेट्रोझोलची पट्टी हातात देताना मी हे न विचारताच सांगते.

पण म्हणून लेट्रोझोल श्रेष्ठ आणि क्लोमिफिन टाकाऊ, असं धरून चालू नका. २०१५ मध्ये अमेरिकेतच आणखी एक चाचणी झाली, ९०० जोडप्यांची. ह्या बायकांची पाळी नियमित होती, गर्भनळ्या मोकळ्या होत्या, मूल न होण्याचं कारण सापडत नव्हतं. त्यांच्यात क्लोमिफिनने २३.३ टक्के बाळं झाली आणि लेट्रोझोलने १८.७. उलटंच. अंडं वाढवणाऱ्या हार्मोनची इंजेक्शनं घेतलेल्या गटात ३२.२ टक्के, पण त्यांच्या गरोदरपणांपैकी जवळजवळ एक तृतीयांश जुळी-तिळी होती. कारण बदललं की त्याच गोळ्यांचा हिशेब बदलतो. जावेची चिठ्ठी मी का परत करते, त्याचं उत्तर हे आहे.

मेटफॉर्मिन ह्या रांगेत नेहमी घुसवली जाते. ती हार्मोनची गोळी नाही, इन्सुलिनची आहे. साखर, वजन, पाळी ह्यांसाठी तिचा फायदा होतो, पण एकटीच्या जिवावर मूल होण्याची वाट बघू नये. २००७ मधल्या ६२६ बायकांच्या चाचणीत एकट्या मेटफॉर्मिनने ७.२ टक्के बाळं झाली, क्लोमिफिनने २२.५. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) ह्यांची तपासणी मात्र सगळ्यात आधी करून घ्या. कधी कधी सगळं घोडं तिथेच अडलेलं असतं, आणि आठवड्यातून दोनदा कॅबरगोलिनची छोटी गोळी किंवा रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिन एवढ्यावर पाळीही येते आणि अंडंही.

माझं शेवटी इंजेक्शनवर जमलं. अगदी कमी डोसपासून, हळूहळू वाढवत. माझी मुलगी त्यानंतरची.

इंजेक्शनांबद्दल मला सगळ्यात जास्त विचारतात ते महागाचं की स्वस्तातलं. आमच्या फ्रीजमध्ये दोन्ही असतात. एक म्हणजे एचएमजी. छोट्या कुपीत पांढरी पावडर, सोबत पाण्याची कुपी. कुपीची मान मोडायची, पाणी ओढून पावडरीत सोडायचं, न हलवता नुसतं गोल फिरवायचं, पावडर विरघळली की भरायचं. दुसरं म्हणजे रिकॉम्बिनंट एफएसएचचं पेन. आकडा फिरवायचा, टिक-टिक आवाज येतो, पोटाला टोचायचं. पेन चायनीज हॅम्स्टर ह्या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींमध्ये प्रयोगशाळेत बनवलेल्या हार्मोनचं असतं. एचएमजी येतं ते पाळी गेलेल्या बायकांच्या लघवीतून. ऐकून तोंड वाकडं करू नका. पाळी गेली की अंडाशय उत्तर देत नाही, पिट्युटरी मात्र हाका मारतच राहते, म्हणून त्या वयात एफएसएच भरपूर असतं आणि लघवीतून बाहेर पडतं. १९४९ मध्ये इटलीत पिएरो डोनिनी ह्यांनी ते वेगळं काढलं. पुढे वृद्धाश्रमातल्या नन्सची लघवी गोळा करून औषध बनवलं गेलं, आणि १९६२ मध्ये इस्रायलमध्ये ब्रुनो लुनेनफेल्ड ह्यांच्या उपचारानंतर पहिलं बाळ जन्मलं. ज्यांनी स्वतः मूल होऊ दिलं नाही अशा बायकांमुळे दुसऱ्या कुणाची तरी कूस उजवली, ह्या गोष्टीने मला अजून भरून येतं.

आपल्याकडेही ह्याच इंजेक्शनांशी जोडलेलं एक नाव आहे, कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखर्जी. १९७८ च्या जुलैत इंग्लंडमध्ये लुईस ब्राऊन हे जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं ते कुठल्याही इंजेक्शनाशिवाय, आईच्या नैसर्गिक पाळीतल्या एकाच अंड्यातून. मुखर्जींनी हार्मोनची इंजेक्शनं देऊन जास्त अंडी मिळवली, गर्भ गोठवून ठेवला, आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला दुर्गा जन्मली. आज सगळीकडे हीच रीत आहे. त्यांच्यावर मात्र कुणी विश्वास ठेवला नाही, आणि १९८१ मध्ये त्यांनी स्वतःला संपवलं. नंतर १९८६ मध्ये परळच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून ६ ऑगस्टला हर्षा जन्मली, तेव्हा ती देशातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ मानली गेली.

तर महागाचं की स्वस्तातलं? ४२ चाचण्या आणि साडेनऊ हजारांहून जास्त जोडप्यांचा एकत्र हिशेब २०११ मध्ये मांडला गेला. लघवीतून काढलेलं असो की प्रयोगशाळेतलं, बाळ हाती येण्यात म्हणावा असा फरक सापडला नाही. पेन सोयीचं आहे, घरच्या घरी टोचता येतं, डोस अचूक जातो. ऐपत असेल तर जरूर घ्या. पण मंगळसूत्र गहाण ठेवून पेन घ्यायला निघालेल्या जोडप्याला मी डॉक्टरांकडे परत पाठवलंय, एचएमजी चालेल का एवढंच विचारून या म्हणून. डॉक्टरांनी चिठ्ठी बदलून दिली. इंजेक्शन कुठलंही असो, पाकिटावर साठवण्याचं तापमान बघा. अनेकांना दोन ते आठ डिग्री लागतं. टिटवाळ्यापर्यंत लोकलने जायचं असेल तर बर्फाची थैली मागून घ्या, आणि घरी फ्रीझरमध्ये मुळीच ठेवू नका, गोठलं की वाया जातं.

एक गोष्ट जीव वाचवण्याइतकी महत्त्वाची. इंजेक्शनांनंतर पोट टम्म फुगलं, उलट्या व्हायला लागल्या, लघवी कमी झाली, दम लागला, तर गॅसची गोळी मागायला मेडिकलमध्ये येऊ नका. थेट हॉस्पिटल गाठा. अंडाशयं जास्त उत्तेजित झाल्याची ती लक्षणं असतात. आता आयव्हीएफमध्ये, म्हणजे टेस्ट ट्यूब बाळाच्या ट्रीटमेंटमध्ये, अंडं वेळेआधी फुटू नये म्हणून सेट्रोरेलिक्ससारखी अँटागोनिस्ट इंजेक्शनं वापरतात, त्यामुळे हे प्रमाण पूर्वीच्या लांबलचक ल्युप्रोलाइडच्या पद्धतीपेक्षा कमी झालंय, पण संपलेलं नाही.

अंडं फुटावं म्हणून जे एचसीजीचं इंजेक्शन देतात, तेच हार्मोन घरच्या प्रेग्नन्सी टेस्टच्या पट्टीत दिसतं. इंजेक्शनाचा अंश दहा ते चौदा दिवस राहू शकतो. आठव्या दिवशी दोन रेघा बघून पेढे वाटायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत. त्यानंतर जी प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल चालू असते, तिच्यामुळे पाळीही लांबते, म्हणजे आशा दुणावते. डॉक्टरांनी बीटा एचसीजीच्या रक्ततपासणीची जी तारीख लिहून दिली आहे, तोवर पट्टी घरात आणूच नका. ही कॅप्सूल तोंडाने घेतली की काहींना गरगरतं, झोप येते, म्हणून बरेचदा योनीमार्गात ठेवायला सांगतात. कॅप्सूल दोन्हीकडे तीच असते, त्यामुळे चिठ्ठीवर कसं घ्यायचं ते वाचून घ्या, लाजू नका. डायड्रोजेस्टेरॉनची गोळी तोंडाने घ्यायची असते, आणि आयव्हीएफनंतर ती योनीमार्गातल्या कॅप्सूलइतकीच काम करते हे २०१७ च्या मोठ्या चाचणीत दिसलं.

माझी नणंद ऐरोलीला असते. तिला एंडोमेट्रिओसिस आहे, म्हणजे गर्भपिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेरही वाढतं, आणि पाळीत उभं राहवत नाही इतकं दुखायचं. डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी रोज एक, आणि आज ती ऑफिसला जाते. तिला मूल हवं असेल तेव्हा हीच गोळी बंद करावी लागेल, कारण ती चालू असताना अंडं बहुधा फुटत नाही. हे तिला पहिल्याच दिवशी नीट समजावून सांगणारी डॉक्टर भेटली, म्हणून ती निवांत आहे.

आणि पुरुष. घोडबंदर रोडच्या जिममधली तिशीतली मुलं टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतात, दंड भरतात, आणि बायको आमच्याकडे फॉलिक अ‍ॅसिड घ्यायला येते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की पिट्युटरी आपले हार्मोन बंद करते आणि शुक्राणू बनणं थांबतं, काहींचा काउंट पार शून्यावर जातो. जागतिक आरोग्य संघटनेने ह्याच इंजेक्शनावर पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून चाचण्या केल्या होत्या, इतका हा परिणाम पक्का आहे. बंद केल्यावर बहुतेकांचं पूर्ववत होतं, पण महिने जातात. ज्या पुरुषाचं हार्मोन खरंच कमी आहे आणि ज्याला मूल हवंय, त्याला डॉक्टर वेगळं देतात, एचसीजी किंवा हीच आपली क्लोमिफिन. म्हणून बायकोची पहिली पट्टी फोडायच्या आधी नवऱ्याची वीर्यतपासणी करून घ्या. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा असतो, लॅबमध्ये सकाळी जाऊन काम होतं, आणि इंजेक्शनांच्या एका कोर्सच्या मानाने खर्च अगदी किरकोळ आहे.